भेगेच्या कडेनं सहा मैल

शनिवारी नऊच्या आत पोचलं नाही तर स्कायलाइन बुलेवार्डच्या कडेला गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणून साडेआठलाच मी सायकल उतरवते, पुढचं चाक बसवते, हवा दाबून बघते आणि निघते. कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ काउंटीतल्या सॉयर कॅम्प ट्रेलचं हे दक्षिणेकडचं टोक. इथून उत्तरेला मिलब्रेच्या हिलक्रेस्ट बुलेवार्डपर्यंत सहा मैलांची डांबरी वाट आहे, म्हणजे साडेनऊ किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. मोटारींना बंदी. डाव्या हाताला क्रिस्टल स्प्रिंग्ज जलाशय, त्याच्या पलीकडे गर्द झाडीची डोंगररांग, उजवीकडे टेकडी. टेकडीवरून २८० नंबरचा हायवे जातो. सुरुवातीला त्याची घरघर ऐकू येते, मग एका वळणावर ती तुटते आणि पाखरांचे आवाज सुरू होतात.

अकरा वर्षं मी इथे सायकल चालवतेय. पायी मात्र ही वाट मी पहिल्यांदा चालले ती गेल्या उन्हाळ्यात, आबा आले तेव्हा. आबा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे, पण रोज पहाटे पाच किलोमीटर चालल्याशिवाय चहा घेत नाहीत. आमच्या घराभोवतीच्या फुटपाथवर चार दिवस चालले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, तुमच्याकडं एखादं धरण नाही का जवळपास?"

धरण होतं. एक नाही, दोन, आणि दोन्हींना जोडणारी ही वाट.

पहिल्या दिवशी आम्ही वाटेला लागायच्या आधीच अर्धा तास थांबलो, कारण लोअर क्रिस्टल स्प्रिंग्ज धरणाच्या माथ्यावरून जाणाऱ्या पुलावर आबा उभे राहिले ते हलेचनात. हा पूल नवा आहे. जुना पाडून बांधलेला, २०१९ मध्ये खुला झाला. धरण मात्र एकोणिसाव्या शतकातलं, १८८७ ते १८९० दरम्यान उभं राहिलेलं. हर्मन शूसलर हा स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनीचा मुख्य अभियंता. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी विकणारी ही खासगी कंपनी होती. काँक्रीटची मोठी धरणं बांधायची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. शूसलरनं अख्खी भिंत एकसंध न ओतता जागच्या जागी मोठमोठे ठोकळे ओतले, एकमेकांत अडकतील असे, आणि एक ठोकळा घट्ट झाल्यावर शेजारचा ओतला.

मी हे वाचलेलं होतं, सांगितलंही. पण त्याचा अर्थ आबांनी मला समजावला. काँक्रीट घट्ट होताना आकसतं. अख्खी भिंत एकदम ओतली तर ती स्वतःच्याच ओढीनं तडकते. ठोकळे सुटे ओतले की प्रत्येकजण आपापला आकसून घेतो, आणि मग शेजारी येतो तो ती फट भरून काढतो. शिवाय सांधे एका रेषेत नसले की पाण्याला सरळ वाट मिळत नाही. "जुन्या वाड्याची भिंत रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसंच," आबा म्हणाले, आणि कठड्यावर तळहात ठेवून उभे राहिले. काँक्रीटला हात लावून बघायची त्यांची सवय जुनी आहे. मी लहान असताना पुलावर एसटी थांबली तरी उतरून कठडा चाचपायचे.

वाटेवर आलो आणि पहिल्याच मैलात एक प्रसंग घडला. मागून सायकलवाला आला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे ओरडला, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही उजवीकडेच राहा. आबांना फक्त 'लेफ्ट' ऐकू आलं. जन्मभर डाव्या बाजूनं चाललेला माणूस, तो झटकन डावीकडे सरकला, थेट सायकलच्या पुढ्यात. सायकलवाल्यानं कचकन ब्रेक दाबले, पाय टेकवला. कुणाला लागलं नाही. त्यानंच दोनदा माफी मागितली. पण माझ्या छातीत धडधडत राहिलं, कारण हेच वाक्य मी स्वतः अकरा वर्षं लोकांच्या पाठीमागून ओरडत आले होते. त्यातल्या किती जणांना ते नीट कळलं असेल, हा विचार मला सायकलवर कधी शिवला नव्हता.

तेव्हापासून मी सायकलला घंटी लावली. साधी पितळी, टण्ण वाजणारी. तीस-चाळीस पावलं आधी एकदा वाजवायची, वेग कमी करायचा आणि समोरच्यानं मान वळवेपर्यंत पुढे जायचं नाही. इथे सायकलला ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. सपाटीवर ती सहज ओलांडली जाते, विशेषतः परतताना. माझं म्हणणं असं की या वाटेवर वेग हवाच कशाला? वेगासाठी वर स्कायलाइनचा रस्ता आहे. इथे बाबागाड्या असतात, तीनचाकीवर नुकती चालायला लागलेली पोरं असतात, काठी टेकत येणाऱ्या आज्या असतात. कुत्र्यांना मात्र परवानगी नाही, पाणलोट क्षेत्र असल्यामुळे.

त्या पाणलोट क्षेत्राचं आबांना फार दुःख झालं. संबंध वाटभर पाणी दिसत राहतं आणि मधे कुंपण. कुठेही खाली उतरता येत नाही. बोट नाही, पोहणं नाही, गळ टाकून बसणं नाही. आबांच्या नोकरीत तर धरणावर गेलं की आधी पाण्यापाशी जायचं, पाय बुडवायचे, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, मग कामाचं बोलायचं. ते कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "आबा, घरी नळाला येतं ते यातलंच असतं. प्यायचं पाणी आहे." त्यावर ते गप्प झाले आणि मग हळूच म्हणाले, "मग बरोबर आहे त्यांचं."

पाणी सगळं इथलं नाही. डोंगरावरचं पावसाचं पाणी थोडं, बाकीचं योसेमिटीतल्या हेच हेची धरणातून येतं, टुओलम्नी नदीचं. १६७ मैल, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर, बोगदे आणि नळांमधून, उताराच्या बळावर. १९३४ मध्ये ते पहिल्यांदा इथे पोचलं. त्याआधी चार वर्षं, १९३० मध्ये, शहरानं स्प्रिंग व्हॅली कंपनी विकत घेतली होती.

मग आबांनी तो प्रश्न विचारला जो आमच्याकडचा कुठलाही माणूस धरणाकडे बघून विचारतो. "खाली गाव होतं का?"

होतं. क्रिस्टल स्प्रिंग्ज नावाचीच छोटी वस्ती होती, तिथे एक हॉटेल होतं, शहरातले लोक हवापालटाला यायचे. त्याच्याही कितीतरी आधी या खोऱ्यात ओलोनी लोक राहायचे. आता वर पाणी आहे. आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मी काही बोलले नाही. कोयनेच्या पाण्याखाली त्यांच्या आत्याचं गाव आहे.

दोन-अडीच मैलांनंतर जलाशय अरुंद होत जातो आणि वाट झाडीत शिरते. सायकलवरून हा टप्पा मला नेहमी गारव्याचा एक पट्टा म्हणून आठवायचा: घाम वाळतो, चष्म्यावर सावल्या पळतात, संपलं. चालताना तो संपता संपत नाही. ओक आहेत, त्यांच्या फांद्यांवरून करड्या-हिरव्या दगडफुलासारख्या झिरमिळ्या लोंबतात. खाली ओढ्याचा आवाज. आणि बे लॉरेलची झाडं. त्याचं एक पान मी आबांना चुरगळून दिलं. त्यांनी हुंगलं आणि मान मागे घेतली. तमालपत्राचाच लांबचा भाऊ, पण कितीतरी उग्र, जास्त वेळ हुंगलं तर डोकं धरतं.

याच झाडीत, दक्षिणेच्या टोकापासून साधारण साडेतीन मैलांवर, कुंपणाच्या आत एक म्हातारा लॉरेल आहे. त्याचं वय सहाशे वर्षांच्या वर सांगतात. १९२३ मध्ये त्याला विलिस जेप्सन या कॅलिफोर्नियाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. आबांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे महाराजांचा जन्म झाला तेव्हा हा दोनशे वर्षांचा होता." बुंधे पसरलेले, काही जमिनीकडे झुकलेले, वर पालवी ताजी. शेजारी बाक आहेत, टेबलं आहेत. आम्ही डबा उघडला. लिअँडर सॉयर नावाचा माणूस १८५० च्या दशकात या खोऱ्यात राहायचा, सर्कशीचे घोडे पाळायचा आणि हाफ मून बेकडे जाणाऱ्या वाटसरूंना उतरायला जागा द्यायचा, त्याचंच नाव या वाटेला मिळालं आहे. म्हणजे इथे बसून खाणारे आम्ही पहिले नव्हतो.

निघताना आबा कडेच्या एका लालसर, चकचकीत पानांच्या झुडपाकडे वाकले. मी त्यांचा हात धरून ओढलाच. पॉयझन ओक. एका देठावर तीन पानं, मधलं थोडं लांब दांडीचं. इथल्या मुलांना शाळेतच शिकवतात, तीन पानं दिसली की हात लावायचा नाही.

"पळसाला पानं तीनच," आबा म्हणाले.

"हा पळस नाही आबा, हा बिब्बा आहे." आणि ते खरंच आहे. पॉयझन ओक आणि बिब्बा एकाच कुळातले, आंबा आणि काजूही त्याच कुळातले. बिब्बा उतला की अंगावर जसे फोड उठतात तसेच याच्या तेलानं उठतात. ते तेल कपड्यांवर, बुटांच्या नाड्यांवर, सायकलच्या हँडलवर चिकटून राहतं आणि दोन दिवसांनी तिथून हाताला लागतं. मला एकदा असंच झालं होतं. सायकल कडेच्या झुडपात आडवी टाकून मी फोटो काढत बसले, आणि मग तीन आठवडे दोन्ही मनगटं खाजवत होते. हिवाळ्यात पानं झडतात, पण नुसत्या काड्यांनीही उठतं. म्हणून सायकल कधीही डांबराच्या बाहेर टाकू नये. कडेच्या गवतात तर नाहीच, तिथे रॅटलस्नेकही असतात, आणि उन्हं वर आली की डांबर तापतं म्हणून ऊब घ्यायला ते वाटेवरही येतात.

आबांना साप दिसला नाही. हरणं दिसली, धूळ उडवत जाणारी रानटर्की दिसली, कुंपणाच्या खांबावर पंख पसरून वाळवत बसलेलं गिधाड दिसलं. त्या गिधाडापाशी आम्ही दहा मिनिटं थांबलो. आबा म्हणाले, गावाकडे गिधाड बघून किती वर्षं झाली ते आठवत नाही.

झाडीतून वाट चढते आणि अचानक उघड्यावर येते. समोर सॅन अँड्रियास तलाव. वाट धरणाच्या माथ्यावरूनच जाते. हे मातीचं धरण, १८७० चं, खालच्या काँक्रीटच्या धरणाच्याही वीस वर्षं आधीचं. ३० नोव्हेंबर १७७४ ला, सेंट अँड्र्यूच्या सणाच्या दिवशी, पालू नावाचा स्पॅनिश पाद्री या खोऱ्यात होता, म्हणून त्यानं खोऱ्याला संताचं नाव दिलं. खोऱ्याचं नाव तळ्याला मिळालं. आणि १८९५ मध्ये अँड्र्यू लॉसन या भूगर्भशास्त्रज्ञानं या खोऱ्यातून जाणाऱ्या भेगेला तेच नाव दिलं. सॅन अँड्रियास भ्रंश. जगभर ज्याचं नाव घेतात तो १२०० किलोमीटरपेक्षा लांब भ्रंश, त्याचं बारसं या छोट्या तळ्यावरून झालं आहे.

"म्हणजे आपण सकाळपासून त्याच्यावरनंच चालतोय?"

"त्याच्या कडेनं. हे सगळं सरळसोट खोरंच त्यानं कोरलंय. दोन्ही तळी त्याच्यावर आहेत. समोरचा डोंगर पॅसिफिक प्लेटवर, म्हणजे भूकवचाच्या वेगळ्याच तुकड्यावर, आपण उत्तर अमेरिकेच्या."

आबा धरणाच्या माथ्यावर मधोमध थांबले. मग मी त्यांना १८ एप्रिल १९०६ ची पहाट सांगितली. पाच वाजून बारा मिनिटांनी जमीन फाटली. हायवे ९२ जिच्यावरून जातो ती अप्पर क्रिस्टल स्प्रिंग्जची मातीची भिंत जागच्या जागी सुमारे अडीच मीटर सरकली, दोन्हीकडे पाणी असल्यामुळे फुटली नाही. आम्ही उभे होतो त्या धरणाच्या टोकाच्या डोंगरातून भेग गेली, धरण टिकलं. शूसलरचं काँक्रीटचं धरण भ्रंशापासून हाकेच्या अंतरावर, तेही टिकलं. पण भेगेवरून शहराकडे जाणारे नळ पिळवटून तुटले, शहरातले मुख्य नळही फुटले, आणि सॅन फ्रान्सिस्को तीन दिवस जळत राहिलं. तळी काठोकाठ होती आणि आगीच्या बंबांना पाणी मिळत नव्हतं.

आबा म्हणाले, "धरण कुणी मोडू देत नाही. सगळं लक्ष त्याच्यावर असतं. नळाकडं कोण बघतो?"

मग ते कठड्याला टेकले आणि कोयनेबद्दल बोलले. घरात हा विषय क्वचित निघायचा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चारचा सुमार उलटून गेलेला. आबा नववीत होते, पाटण तालुक्यात. आधी आवाज आला, डोंगरातून ट्रक भरून दगड ओतल्यासारखा, मग भिंत आत आली. आजीनं त्यांना पायाला धरून ओढून काढलं. पुढचे कित्येक आठवडे सगळं गाव थंडीत बाहेर, शेकोट्या करून. आणि रात्रभर एकच बोलणं, धरण फुटलं का, पाणी येतंय का. धरणाला वरच्या भागात तडे गेले होते, पण ते उभं राहिलं. नंतर मागून काँक्रीटचे धीरे देऊन मजबूत केलं. आबा ते काम बघायला शाळा बुडवून जायचे. "तिथंच ठरलं," ते म्हणाले. "सिव्हिलचा डिप्लोमा करायचा."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी या माणसाची मुलगी आहे आणि त्यांनी हा पेशा का धरला हे मला या धरणावर कळलं.

धरणानंतर हिलक्रेस्टपर्यंत चढ आहे. सायकलला इथे हलका गिअर लागतो, उभं राहून मारायची गरज नाही, बसून सावकाश निघतं. आबा मधे दोनदा थांबले. वर पोचल्यावर मागे वळून बघितलं तेव्हा डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं. उन्हाळ्यात हे रोजचं: पलीकडे समुद्र, त्यावरचं धुकं दुपारनंतर रांगेच्या माथ्यावर साठतं आणि कढईतल्या दुधासारखं काठावरून सांडतं. खाली येता येता विरतं. म्हणून जून-जुलैतही कमरेला एक जाकीट बांधलेलं असावं. त्या दिवशी आम्ही परत चाललो नाही, नवरा गाडी घेऊन हिलक्रेस्टला आला. सहा मैलांना आम्हाला पाच तास लागले होते. मला सायकलवर जाऊन येऊन दीड तास लागतो.

त्या तीन महिन्यांत आम्ही अकरा वेळा गेलो. दर अर्ध्या मैलावर इथे अंतराची खूण आहे, आबा प्रत्येक खुणेपाशी काहीतरी तपासायचे: पाण्याची पातळी, गटाराचा उतार, कडेची माती किती धुपली. झाडीच्या अलीकडे एका वळणावर डांबराला आडवी भेग आहे. तिच्यापाशी ते दर वेळी उकिडवे बसायचे. मी सांगितलं, भ्रंशाचा हा भाग जखडलेला आहे, रोज सरकत नाही, सरकला की एकदम सरकतो. ते त्यांना पटलं होतं. "झाडाच्या मुळांचीच आहे गं. पण नोंद ठेवायला काय जातं?" आणि त्यांनी भेगेला लागून माझा बूट ठेवायला लावला, मापासाठी, आणि फोटो काढला.

आता ते गावी आहेत. मी दर शनिवारी सायकलवर जाते, तिथे थांबते, घंटी न वाजवता कडेला होते, बूट ठेवते आणि फोटो पाठवते. इथे सकाळ असते तेव्हा तिथे रात्र झालेली असते, पण आबा जागे असतात.

परवाच्या फोटोवर त्यांचं उत्तर लगेच आलं. "वाढली नाही. गेल्या वेळचा बूट वेगळा होता. तोच घालत जा."